पाच वर्षांच्या मुलीची साक्ष : मॉन्ट्रियलची १७३४ ची आग

१० एप्रिल १७३४, शनिवार. संध्याकाळचे सात वाजत आले होते. मॉन्ट्रियल तेव्हा फ्रान्सच्या ताब्यातल्या कॅनडातलं लहानसं व्यापारी गाव होतं. तिथल्या सें-पॉल रस्त्यावर ओतेल-दियू हे ननांचं इस्पितळ होतं आणि तिथे पहाऱ्यावर असलेल्या शिपायाने ‘आग, आग’ अशी आरोळी ठोकली. समोरच्या एका व्यापाऱ्याच्या घराचं छप्पर पेटलं होतं. वारा जोराचा, छपरं लाकडी फळ्यांची. सुमारे तीन तासांत पंचेचाळीसच्या आसपास इमारती जळाल्या. त्यांत इस्पितळही गेलं. सुदैवाने एकही माणूस दगावला नाही.

सें-पॉल म्हणजे गावाची बाजारपेठच. दर्शनी बाजूला दुकान किंवा वखार, मागे-वर राहती खोली आणि माळ्यावर माल, अशी व्यापाऱ्यांची घरं. आग लागली ते घर तेरेझ दे कुआन्य या विधवेचं. तिचा नवरा फ्रांस्वा पुलँ दे फ्रांशव्हील फरचा व्यापार करायचा, लोखंडाच्या कारखान्यातही त्याने पैसा घातला होता, आणि नोव्हेंबर १७३३ मध्ये तो वारला होता. घरात मारी-जोझेफ आंजेलिक नावाची गुलाम बाई कामाला होती. जन्म पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचा, वय एकोणतीसच्या आसपास, वर्णाने काळी. त्या रात्री तिने मालकिणीचं सामान बाहेर काढायला हात लावला आणि वाचलेल्या सामानाजवळ इस्पितळाच्या बागेत रात्र काढली. सकाळी तिला तिथूनच अटक झाली. दहा आठवड्यांनी, २१ जून १७३४ रोजी, तिला फाशी दिलं गेलं.

मधल्या दहा आठवड्यांत जे घडलं त्याची जवळजवळ पूर्ण कागदपत्रं क्विबेकच्या सरकारी दप्तरखान्यात शिल्लक आहेत. जबान्या, प्रश्नोत्तरं, समोरासमोर केलेली तपासणी, निकाल, अपिलाचा निकाल. संशयास्पद आगीचा खटला केवळ साक्षींवर कसा उभा राहतो आणि तो वाचताना काय काय तपासून पाहायचं असतं, हे समजून घ्यायला इतका उघडा दाखला क्वचितच मिळतो. मी ते या खटल्याच्या आधाराने सांगणार आहे, कारण यात एका बाईचा जीव गेला आणि तिच्यावरचा आळ माझ्या मते कधीच सिद्ध झाला नाही.

आधी हे पाहू की संशय तिच्याचकडे का वळला. कारणं होती, आणि ती पोकळ नव्हती. आंजेलिकला क्विबेकला विकायचं ठरलं होतं. तिने मालकिणीकडे मोकळीक मागितली होती, ती नाकारली गेली होती. रागाच्या भरात तिने धमक्या दिल्याचं घरातल्या लोकांनी सांगितलं. फेब्रुवारीत ती क्लोद तिबो या गोऱ्या नोकराबरोबर पळून गेली होती. दोघांना दक्षिणेकडचा इंग्रजांच्या वसाहतींचा मुलूख, न्यू इंग्लंड, गाठायचा होता, तिथून जमल्यास युरोप. ते पकडले गेले. त्या पळण्याच्या रात्री तिच्या अंथरुणाला आग लागली होती, हेही नंतर खटल्यात पुढे आलं. तिबोला तुरुंगात टाकलं होतं, तो एप्रिलच्या आगीच्या जेमतेम एक-दोन दिवस आधी सुटला, आणि आगीनंतर काही दिवसांत जो पसार झाला तो कोणालाही पुन्हा सापडला नाही.

हे सगळं एकत्र ठेवलं की गोष्ट आपोआप जुळते. म्हणूनच इथे थांबायला हवं. वरच्या परिच्छेदातली एकही गोष्ट ‘तिने माळ्यावर जाऊन आग लावली’ हे सांगत नाही. ती आग लावण्याची इच्छा तिला असू शकेल, एवढंच सांगते. हेतू आणि कृती यांतलं अंतर भरून काढणं हे साक्षीदारांचं काम होतं. त्यांनी ते कसं भरलं ते बघा.

११ एप्रिलला सरकारी वकील फ्रांस्वा फुशे याने न्यायाधीश पिएर रँबोकडे अर्ज केला. त्याचा आधार होता लोकांतला बोभाटा : गावभर म्हणतात की आंजेलिक आणि तिबोने आग लावली. त्या काळच्या फ्रेंच कायद्यात सार्वत्रिक बोलवा हे कारवाई सुरू करायला पुरेसं कारण धरलं जाई. म्हणजे क्रम असा झाला : आधी आरोपी ठरला, मग साक्षीदार बोलावले गेले. आणि साक्षीदार कोण, तर आदल्या रात्री ज्यांची घरं जळाली, जे त्याच बागेत, त्याच थंडीत, उरलंसुरलं सामान सांभाळत एकमेकांशी बोलत बसले होते, तेच. आग कशी लागली याबद्दलचं प्रत्येकाचं स्वतःचं पाहणं त्या रात्रीच इतरांच्या बोलण्यात मिसळून गेलं असणार. जबानी घ्यायला कारकून बसला तेव्हा त्याच्यासमोर पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच दमात येत होतं.

सुमारे दोन डझन लोकांच्या साक्षी झाल्या. त्यांचा निवाडा ज्या कायद्याखाली झाला तो १६७० चा, चौदाव्या लुईच्या काळातला फौजदारी हुकूमनामा. त्याचे चार नियम कळले की खटल्याचं निम्मं कोडं सुटतं.

साक्ष बंद दाराआड, एकेकट्याने द्यायची. आरोपीला तेव्हा हजर राहता येत नसे. आरोपीला वकील मिळत नसे, प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या तोंडाने द्यायची. (न्यू फ्रान्स म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या या फ्रेंच वसाहतीत तर वकिलीचा धंदाच करू दिला जात नव्हता.) पुढच्या टप्प्यात साक्षीदाराला त्याची जबानी वाचून दाखवत आणि ‘काही बदलायचंय का’ असं विचारत. एकदा त्याने ती कायम केली की नंतर शब्द फिरवणाऱ्यावर खोटी साक्ष दिल्याबद्दल कारवाई होऊ शके. आणि शेवटी आरोपी व साक्षीदार समोरासमोर. इथे आरोपीला साक्षीदारावर आक्षेप घेता येई : हा माझा वैरी आहे, याचा माझ्याशी तंटा आहे वगैरे. पण तो आक्षेप जबानी वाचून दाखवण्याआधी घ्यायचा. समोरचा काय बोललाय हे कळण्याआधीच तो खोटं का बोलेल हे सांगायचं. जबानी ऐकल्यावर आक्षेपाची वेळ निघून गेलेली असे.

कोर्टकचेरीचा अनुभव नसलेल्या, परक्या मुलखात आणून विकलेल्या बाईला हे किती जमलं असेल? तरी आंजेलिकने प्रत्येक साक्षीदाराला तोंड दिलं, हे कागदांत दिसतं. छळ होईपर्यंत प्रत्येक चौकशीत तिचं उत्तर एकच राहिलं : मी आग लावली नाही.

आणखी एक गोष्ट कागद हातात घेताना ध्यानात ठेवावी. या जबान्या साक्षीदारांच्या तोंडचे शब्द नाहीत. कारकुनाने त्या ऐकून तृतीयपुरुषी लिहिल्या : ‘तिने सांगितले की…’. साक्षीदाराला नेमकं काय विचारलं गेलं ते बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नाही, फक्त उत्तराचा सारांश आहे. अडखळणं, ‘मला वाटतं’, ‘बहुतेक’ हे सगळं त्या गाळणीत राहून गेलं असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडच्या पोलीस ठाण्यात जबानी लिहून घेताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता खुद्द साक्षी. सगळ्यांत गाजलेली साक्ष मानों या मुलीची. ती शेजारच्या बेरे कुटुंबाकडची गुलाम, पंधरा वर्षांची, स्थानिक आदिवासी. तिने सांगितलं की आगीच्या दिवशी आंजेलिक आपल्या मालकिणीला हसता-बोलताना पाहून म्हणाली, ‘ही फार काळ या घरात राहायची नाही, आज रात्री इथे झोपायची नाही.’ वाक्य असं की अंगावर काटा यावा. काही तासांनी खरोखरच ते घर राहिलं नाही.

पण या वाक्याचा प्रवास पाहा. आंजेलिक बोलली असं मानों म्हणते. मानोंने ते आपल्या मालकिणीला सांगितलं. मालकिणीने आणखी कोणाला. रात्रीतून ते गावभर झालं आणि मग कोर्टात एकाहून अधिक लोकांनी ते सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटावं, इतके जण एकच सांगतायत म्हणजे खरंच असणार. प्रत्यक्षात तो एकाच तोंडातून निघालेला एकच पुरावा आहे, बाकी सगळे त्याचे पडसाद. कायद्याच्या मराठीत याला ऐकीव पुरावा म्हणतात. तो मोजताना माणसं मोजायची नसतात, उगम मोजायचे असतात. आंजेलिकने हे बोलल्याचं साफ नाकारलं आणि मानोंसमोर उभी असतानाही ती मुलगी खोटं बोलतेय असंच सांगितलं.

मानों खोटारडी होती असं मी म्हणत नाही. तिची जागा मात्र बघितली पाहिजे. ती स्वतः गुलाम. ज्या घरात ती कामाला होती ते आग लागलेल्या घराला लागून, आणि संध्याकाळच्या त्या वेळी शेजारीपाजारी चुली पेटलेल्या असणारच. बोट आंजेलिककडून हललं असतं तर ते पुढे कोणाकडे वळलं असतं? अशा मुलीने आपल्या मालकिणीला एकदा सांगितलेली गोष्ट न्यायाधीशासमोर मागे घेणं ही साधी बाब नव्हती.

बाकीच्या साक्षींत दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, तिच्या स्वभावाबद्दल सांगणारी. लुईझ पुआरिए ही गोरी मोलकरीण त्याच घरात कामाला होती आणि आंजेलिकशी न पटल्यामुळे तिने काम सोडलं होतं. तिने सांगितलं की, ‘मायदेशी परत गेले तर तिथल्या गोऱ्यांना जाळून टाकीन,’ असं आंजेलिक एकदा बोलली होती. अशी साक्ष ऐकणाऱ्याचं मन कलुषित करते, पण माळ्यावर त्या संध्याकाळी काय झालं याबद्दल अक्षरही सांगत नाही. शिवाय सांगणारीचं आणि आरोपीचं भांडण उघड होतं.

दुसरी माणसं तिच्या हालचाली सांगणारी. आग दिसण्याच्या थोडं आधी आंजेलिक रस्त्यावर होती, अस्वस्थ होती, छपराकडे बघत होती, असं एका शेजारणीने आपल्या खिडकीतून पाहिल्याचं सांगितलं. दारात खेळणाऱ्या लहान मुलींनीही ती आपल्याबरोबर, आतबाहेर होती असं सांगितलं. यातलं ‘रस्त्यावर होती’ हे पाहणं आहे. ‘अस्वस्थ होती’ हे अनुमान आहे, आणि ते आग लागल्यानंतर, आरोपी कोण हे कळल्यानंतर केलेलं. एखादी बाई इकडेतिकडे बघत दारात उभी असेल तर त्या क्षणी कोणी लक्षही देत नाही. दुसऱ्या दिवशी तिला बेड्या पडल्या की तेच बघणं संशयास्पद होऊन आठवतं. माणसं यात लबाडी करत नसतात, आठवण अशीच काम करते. १९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारताना ‘लागल्या’ऐवजी ‘चक्काचूर होईल अशा आदळल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला. आठवड्याने दोन्ही गटांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच फुटलेली नव्हतीच. तरी जोरकस शब्द ऐकलेल्या गटात पन्नासपैकी १६ जणांनी होय सांगितलं, दुसऱ्या गटात पन्नासपैकी ७ जणांनी. एका प्रश्नातल्या एका शब्दाने हे होतं. मॉन्ट्रियलमध्ये तर अख्खं गाव अनेक आठवडे एकच नाव घेत होतं.

तर मे महिना संपत आला तरी परिस्थिती अशी होती की आंजेलिकला आग लावताना पाहणारा कोणीही नव्हता. त्या काळच्या पद्धतीत पूर्ण पुरावा म्हणजे दोन विश्वासार्ह प्रत्यक्षदर्शी किंवा आरोपीची कबुली. त्याहून कमी असेल तो अर्धा पुरावा, किंवा नुसत्या खुणा. देहदंडाला खुणा पुऱ्या पडायच्या नाहीत, हे न्यायाधीशांना ठाऊक होतं.

२६ मे रोजी, आगीला सहा आठवडे उलटून गेल्यावर, एक नवी साक्षीदार आली. आमाब्ल, व्यापारी आलेक्सी मोनिएर याची मुलगी, वय जेमतेम पाच. तिने सांगितलं की आंजेलिकला फावड्यावर निखारे घेऊन माळ्याकडे जाताना तिने पाहिलं होतं.

हा खटल्याचा कणा. म्हणून जरा नेटाने पाहू. लहान मुलांची साक्ष घेऊच नये असं तेव्हाचा कायदाही म्हणत नव्हता. १६७० च्या हुकूमनाम्यात वयात न आलेल्या मुलामुलींची साक्ष घेता येईल असं स्पष्ट कलम आहे, फक्त तिला किती वजन द्यायचं ते न्यायाधीशांनी नीट पारखावं अशी पुस्ती जोडलेली. तेव्हा प्रश्न वयाचा नाही, पारखण्याचा आहे. मुलगी सहा आठवडे गप्प का होती? या काळात घरातल्या मोठ्यांच्या गप्पांत तिने काय काय ऐकलं? तिचं घर त्रयस्थ होतं का? मुळीच नाही : मोनिएर कुटुंब त्या विधवेच्या नात्यातलं, आणि फेब्रुवारीत आंजेलिक व तिबो पळाले ते याच मोनिएरच्या घरून. म्हणजे अंथरुण जळाल्याची गोष्ट ज्या घरात घडली त्याच घरात ही मुलगी वाढत होती. आंजेलिक आणि आग हे दोन शब्द तिने एकत्र पहिल्यांदा एप्रिलमध्ये ऐकले नसणार. आणि जर एवढ्या मुलीने निखारे नेताना पाहिलं, तर दारात असलेल्या तिच्याहून मोठ्या मुलींना ते कसं दिसलं नाही?

यातल्या कोणत्याही प्रश्नाने मुलगी खोटी ठरत नाही. पण हे प्रश्न विचारायला त्या खोलीत कोणी नव्हतं. विचारण्याचं काम ज्याचं, तो आरोपीचा वकील, कायद्याने बाहेर ठेवला होता.

४ जूनला शिक्षा सुनावली : हात तोडून जिवंत जाळणे. प्रकरण अपिलात क्विबेकच्या वरिष्ठ मंडळापुढे, म्हणजे वसाहतीच्या वरच्या न्यायालयापुढे गेलं. मंडळाने १२ जूनला शिक्षा थोडी सौम्य केली. आधी फाशी, मग प्रेत जाळून राख उधळायची. फाशीपूर्वी साथीदारांची नावं काढण्यासाठी छळ करायचा, हेही निकालातच होतं. फ्रेंच पद्धतीत पायाला फळ्या आवळून त्यांच्यामध्ये पाचरी ठोकत. २१ जूनला हे केलं गेलं आणि तेव्हा, पहिल्यांदाच, आंजेलिकने कबूल केलं की आग मी लावली. साथीदाराचं नाव घेतलं नाही. तिबोचंही नाही. त्याच दिवशी मातिय लेव्हेये या जल्लादाने तिला फाशी दिलं. तोही काळा गुलामच होता.

या कबुलीकडे बोट दाखवून आजही कोणी म्हणतं, शेवटी तिनेच सांगितलं ना? पण कबुली निकालाच्या नंतरची आहे. ती मिळाली तेव्हा मरण ठरलेलं होतं, फक्त वेदना किती वेळ चालणार ते ठरायचं होतं. अशा कबुलीची किंमत आपल्या कायद्याने पुरती ओळखली आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ आहे : पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. राज्यघटनेचं कलम २० आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू देत नाही, कलम २२ अटक झालेल्याला वकिलाचा हक्क देतं. लहान मुलाची साक्ष आपल्याकडेही चालते, तिच्यावर शिक्षाही होऊ शकते, मात्र ती पढवलेली नाही ना हे न्यायालयाने बारकाईने बघावं असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावलं आहे. ऐकीव पुरावा काही अपवाद सोडले तर स्वीकारला जात नाही. या प्रत्येक तरतुदीसमोर आंजेलिकच्या खटल्यातलं एकेक पान ठेवून पाहता येतं.

मग आग लावली कोणी? इतिहासकारांत यावर खरा मतभेद आहे. आफुआ कूपर यांच्या मते आग आंजेलिकनेच लावली, आणि तिच्याकडे गुलामगिरीविरुद्ध उठलेली बाई म्हणून पाहायला हवं. कॅनडात गुलामगिरी नव्हतीच असं मानणाऱ्यांना त्यांनी दिलेलं उत्तर महत्त्वाचं आहे, आणि आंजेलिकला नुसती बिचारी ठरवायला त्यांचा विरोध आहे, तोही मला पटतो. देनीझ बोग्रां-शांपान्य यांनी तेच कागद वाचून उलट निष्कर्ष काढला : आग अपघाती असण्याची शक्यता जास्त, धुराड्यातल्या ठिणगीने छप्पर पेटलं असावं. मला दुसरं मत कागदांच्या अधिक जवळचं वाटतं. आंजेलिकला स्वातंत्र्य हवं होतं हे तिच्या फेब्रुवारीच्या पळण्यातून लख्ख दिसतं. ती बंडखोर होती हे मानायला तिने घर जाळलं हे मानण्याची गरज नाही.

आणि अपघाताची शक्यता हवेतली नाही. १७२१ मध्ये याच मॉन्ट्रियलमध्ये भीषण आग लागून गावाचा मोठा भाग जळाला होता, ओतेल-दियू तेव्हाही जळालं होतं. त्यानंतर घरं दगडी बांधा, छपरांवर लाकडी फळ्या वापरू नका असे हुकूम निघाले. भिंती बऱ्याच ठिकाणी दगडी झाल्या, छपरं लाकडीच राहिली. फाशीनंतर काही आठवड्यांत, १७३४ च्या त्याच उन्हाळ्यात, वसाहतीचा मुलकी कारभारी जिल ओकार याने मॉन्ट्रियलसाठी आगीपासून बचावाचे नवे नियम काढले. आग लागली की बादल्या, कुऱ्हाडी, शिड्या घेऊन कोणी कसं धावायचं याची तजवीज त्यांत होती.